कोकणकडा कुठं गेला? एका हिलशेडची आठवडाभराची झटापट

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या ट्रेक ग्रुपच्या काकांनी नकाशा मागितला. कळसूबाई ते हरिश्चंद्रगड, मधे अलंग-मदन-कुलंग, रतनगड, भंडारदरा, सगळं एका ए-वन कागदावर, १:५०,००० ला, आणि अट एकच, "डोंगर डोंगरासारखा दिसला पाहिजे, नुसत्या रेघोट्या नकोत." मी दिवसभर जीआयएसचंच (संगणकावरच्या नकाशांचं) काम करतो, मुख्यतः पाइपलाइन आणि जमिनीचे पार्सल, म्हणजे सपाट गोष्टी. म्हणलं हिलशेड (एका बाजूनं उजेड पाडून डोंगर सावल्यांनी उठवणारं चित्र) काय, दोन क्लिकचं काम आहे, शनिवारी करून टाकतो. त्या दोन क्लिकला आठ दिवस लागले, आणि प्रत्येक वेळी दुखणं निराळं होतं पण दिसायचं मात्र "डिस्प्लेत काहीतरी गडबड आहे" असंच, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

डेटा एसआरटीएमचा. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर शटलनं अकरा दिवसात रडारनं जगाची उंची मोजली होती तोच, एक आर्कसेकंदाचा (अंशाचा ३६०० वा भाग), ज्याला सगळे ३० मीटर म्हणतात. आपला सगळा भाग १९ ते २० अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांशाच्या एका टाइलमध्ये (एका अंशाच्या तुकड्यात) बसतो, फक्त पूर्वेला अकोले गावाकडे नकाशा ७४ च्या पलीकडे जरासा जातो म्हणून शेजारची टाइलही घेतली. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल ओढून टाकली, सिम्बॉलॉजीत (लेयर कसा दिसावा ते ठरवतात तिथं) हिलशेड निवडलं, आणि समोर आलं ते असं, जुन्या टीव्हीला अँटेना नसला की मुंग्या यायच्या ना तसं. काळ्या करड्या ठिपक्यांचा नुसता कालवा. डोंगर नाही, दरी नाही, काही नाही.

इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सगळे हेच करतात. स्लायडर ओढत बसलो. ब्राइटनेस वाढव, कॉन्ट्रास्ट कमी कर, सूर्याची उंची ४५ ची ७० कर, दिशा फिरव. पूर्ण संध्याकाळ. मुंग्या थोड्या उजळ झाल्या इतकंच.

मग जेवताना स्क्रीनकडे लांबून बघत होतो आणि लक्षात आलं की त्या कालव्यात एकच जागा स्वच्छ गुळगुळीत आहे, भंडारदऱ्याचं पाणी. सगळं सेटिंग परत मूळ जागी आणून मोजलं तर तिथला करडा साधारण १८० (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). सपाट जमिनीवर ४५ अंशातून उजेड पडला की २५५ चा सुमारे ०.७०७ पट उरतो, म्हणजे १८०, बरोब्बर. याचा अर्थ हिलशेड व्यवस्थित चालू आहे, सपाट गोष्ट त्याला सपाट कळतेय, पण जरा जरी चढ आला की त्याला ती सरळ भिंत वाटतेय. आणि भिंत का वाटतेय, तर टाइल अंशात आहे आणि उंची मीटरमध्ये. एका पिक्सेलची रुंदी त्याच्या लेखी ०.०००२७८. शेजारचा पिक्सेल एक मीटरनं उंच असेल तर उतार निघतो एकास ३६००, म्हणजे जवळजवळ ९० अंश! शेताचा बांध सुद्धा कडा. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार की आडवे अंश आहेत आणि उभे मीटर.

हे मला खरं तर माहिती होतं, पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली नव्हती. हिलशेड हे उंचीचं चित्र नाहीये, उताराचं चित्र आहे. उंचीला रंग दिले असते तर त्याच फाइलमध्ये सगळं छान दिसलं असतं (मी नंतर देऊन बघितले, झकास दिसलं) कारण रंगाला फक्त आकडा लागतो. उताराला शेजाऱ्याशी फरक लागतो आणि अंतर लागतं, म्हणजे उंचीत लपून राहणारी बारीकशी चूक सुद्धा सावलीत ओरडून बाहेर येते. पुढची सगळी भानगड याचीच भावंडं आहेत.

खात्री करायला झेड फॅक्टर (उंचीला ज्यानं गुणतात तो आकडा) ०.०००००९ टाकला, म्हणजे एक भागिले साधारण १,११,१२०, एका अंशाचे मीटर. आणि काय सांगू, सह्याद्री उगवला. दहा सेकंद नुसता बघत बसलो.

आता यातही एक सापळा आहे ज्यात मी पडलोच. मला झेड फॅक्टरचा तो जुगाड ठेवायचा नव्हता, एक तर आपल्या अक्षांशावर रेखांशाचा अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा ११०.७, दोन्ही दिशांना एकच आकडा लावणं पटत नव्हतं. म्हणून झेड परत १ केला आणि प्रोजेक्टचा सीआरएस (जागा कशात मोजायची ती पद्धत) बदलून मीटरमध्ये मोजणारा यूटीएम ४३ उत्तर केला, कोड ईपीएसजी ३२६४३. नकाशा खाली मीटर दाखवायला लागला, आणि हिलशेड परत मुंग्या. अर्धा तास डोकं खाजवलं. कारण असं की क्यूजीआयएस आधी लेयरच्या स्वतःच्या सीआरएसमध्ये सावली काढतं आणि मग तयार झालेलं चित्र प्रोजेक्टच्या सीआरएसमध्ये वाकवतं. प्रोजेक्ट मीटरमध्ये असला तरी सावली काढणाऱ्याच्या हातात अंशच. फाइलच बदलायला लागते.

फाइल बदलली. वॉर्प टूल (फाइल एका सीआरएसमधून दुसऱ्यात नेणारं), ३२६४३, पिक्सेल ३० मीटर, बाकी सगळं जसं होतं तसं, रन. डोंगर आले, झेड १ वरच आले, मी खूश, काकांना स्क्रीनशॉट पाठवला. काकांचा उलट फोन, "छान आहे रे, पण त्या किलोमीटरच्या चौकटी कशाला टाकल्यास, नंतर मी हातानं मारल्या असत्या." मी कसल्याही चौकटी टाकल्या नव्हत्या.

झूम करून बघितलं तर खरंच, सगळ्या नकाशावर फिकट रेषांची जाळी, आडव्या आणि उभ्या, जराशा कललेल्या, साधारण किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर एक. त्याचं गणित मला इतकं आवडलं की कागदावर मांडून बघितलं. आपल्याकडे एक आर्कसेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण ३०.७५ मीटर आणि पूर्व-पश्चिम २९.१५ मीटर, चौकोन नाहीच तो, किंचित उभट. त्याला मी ३० बाय ३० च्या साच्यात कोंबला, आणि वॉर्पचं मूळ सेटिंग असतं निअरेस्ट नेबर, म्हणजे जवळचा जो पिक्सेल असेल त्याचा आकडा जसाच्या तसा उचल. मग काय होतं, पूर्व-पश्चिम साधारण दर पस्तीस कॉलमनंतर एक कॉलम गाळला जातो आणि उत्तर-दक्षिण दर एकेचाळीस ओळींनंतर एक ओळ दोनदा येते. जिथं ओळ दोनदा आली तिथं एका शेजाऱ्याशी फरक शून्य म्हणजे त्या दिशेनं उतार एकदम कमी, जिथं कॉलम गळला तिथं एकदम जास्त. पस्तीस गुणिले तीस म्हणजे एक किलोमीटर झाला की! काकांची चौकट. आणि कललेल्या का, तर आपण यूटीएम पट्ट्याच्या ७५ अंशाच्या मध्यरेषेपासून पश्चिमेला आहोत म्हणून तिथलं उत्तर आणि खरं उत्तर यात अर्ध्या अंशाच्या आतबाहेरचा फरक पडतो.

परत वॉर्प, यावेळी क्यूबिक (आजूबाजूच्या पिक्सेलवरून मधली उंची काढणारी पद्धत), आणि आउटपुटचा प्रकार फ्लोट ३२, म्हणजे दशांश ठेवणारा. हे दुसरं विसरू नका. एसआरटीएमच्या उंच्या पूर्णांकात असतात, क्यूबिकनं मधले छान दशांश काढले आणि फाइल परत पूर्णांकातच सेव्ह केली तर ते सगळे गोल होतात, मग शहापूर-मुरबाडकडच्या सपाट भागात भातखाचरासारख्या पायऱ्या दिसायला लागतात. तिथं खरी भातखाचरं आहेत हा भाग वेगळा, पण ती ही नव्हेत.

मधल्या दोन किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. अकोल्याजवळ ७४ रेखांशावर एक सरळ उभी बारीक रेघ दिसत होती, कारण दोन टाइल दोन वेगळे लेयर होते आणि काठावरच्या पिक्सेलला पलीकडचा शेजारी माहितीच नव्हता, आधी दोन्ही जोडून एकच लेयर, म्हणजे व्हर्च्युअल रास्टर बनवलं आणि मग वॉर्प केलं, गेली. आणि वॉर्पनंतर फाइल किंचित तिरकी झाल्यानं कडेला ज्या पाचरी उरतात त्यात शून्य भरलं होतं, म्हणजे नकाशाच्या काठावर समुद्रसपाटीपर्यंत सरळ तुटलेला कडा आणि त्याची काळी किनार, नोडेटा (इथं माहिती नाही असं सांगणारा आकडा) उणे ३२,७६८ सांगितल्यावर तीही गेली.

बुधवारपर्यंत स्क्रीनवर सगळं देखणं झालं. लेआउट लावला, ३०० डीपीआयला पीडीएफ काढली, उघडली, आणि सगळ्या डोंगरांवर डासांची जाळी पसरलेली. म्हणजे अक्षरशः, बारीक चौकोन चौकोन, आत सपाट आणि कडेला रेघ. किलोमीटरचे नाहीत, एकेका पिक्सेलचे. परत क्यूजीआयएसमध्ये बघितलं तर तिथं काहीच नाही.

इथं मी प्रिंट ड्रायव्हर, पीडीएफचं व्हर्जन, कॉम्प्रेशन, सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी स्क्रीनवरच १:५,००० ला झूम करून बघितलं आणि तीच जाळी तिथं हजर! तेव्हा ट्यूब पेटली. १:५०,००० ला ३० मीटरचा पिक्सेल कागदावर ०.६ मिलिमीटर होतो. माझ्या स्क्रीनवर त्याला दोन-सव्वादोन ठिपके मिळतात, ३०० डीपीआयला सात. आणि हे हिलशेड आधीपासून काढून ठेवलेलं चित्र नाही, दर वेळी जितके ठिपके मागितले तितक्यावर नव्यानं काढलं जातं. रिसॅम्पलिंग (पिक्सेल लहानमोठे करताना आकडे कसे घ्यायचे ते) निअरेस्टवर असलं की एका पिक्सेलचे सात बाय सात ठिपके सगळे एकाच उंचीचे, म्हणजे आत उतार शून्य, आणि शेजारच्या पिक्सेलला लागलं की एकदम पायरी. सावली त्या पायऱ्यांची पडत होती. स्क्रीनवर पायऱ्या इतक्या बारीक होत्या की डोळ्याला कळल्या नाहीत. म्हणजे पीडीएफनं बिघडवलं काहीच नव्हतं, लपलेलं दाखवलं फक्त.

सिम्बॉलॉजीतच खाली रिसॅम्पलिंगचा भाग असतो जिकडे कोणी बघत नाही. झूम्ड इनला क्यूबिक, झूम्ड आउटलाही बायलिनिअर केलं, कारण लांबून बघताना जो दाणेदारपणा यायचा तो निअरेस्ट अधलेमधले पिक्सेल उचलत असल्यामुळंच. जाळी गेली. हे एक सेटिंग मला कुणी शनिवारी सांगितलं असतं तर, जाऊ दे.

गुरुवारी प्लॉटरवाल्याकडे टेस्ट प्रिंट. मळकट. उंचीचे रंग मी मस्त लावले होते, खाली कोकणात हिरवा, वर घाटमाथ्याला पिवळसर तपकिरी, त्यावर हिलशेड मल्टिप्लाय ब्लेंडनं. ट्रान्सपरन्सीनं नाही, कारण ट्रान्सपरन्सीनं सगळ्यावर दुधाची साय आल्यासारखी होते, हे तरी मला माहिती होतं. पण मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार, आणि सपाट जमिनीचा करडा तो आपला १८०, म्हणजे जिथं एकही डोंगर नाही तिथला रंग सुद्धा तीस टक्क्यांनी काळवंडतो. स्क्रीन मागून उजेड देते म्हणून खपून जातं, कागद देत नाही. प्लॉटरवाला म्हणाला शाई वाढवू का. म्हणलं नको, माझंच चुकलंय. सूर्याची उंची ४५ वरून ६० केली, सपाट भाग २२१ वर आला, वरून जरासा ब्राइटनेस. हिरवा परत हिरवा झाला.

शुक्रवारी संध्याकाळी काका घरी आले. चहा ठेवला, प्रिंट टेबलावर पसरली. काकांनी चष्मा वर केला (जवळचं बघायला ते चष्मा कपाळावर घेतात), बोट कळसूबाईवर ठेवलं आणि सरकवत सरकवत दक्षिणेला हरिश्चंद्रगडावर आणलं, तिथं थांबले.

"कोकणकडा कुठंय?"

"हा काय काका, इथं. नाव लिहिलंय."

"नाव दिसतंय रे. कडा कुठंय?"

मी बघितलं आणि खरंच नव्हता. म्हणजे होता, पण फिकट. तारामतीचा डोंगर दिसत होता, पलीकडच्या घळी दिसत होत्या, पण ज्याच्या काठावर पालथं झोपून खाली बघायला लोक रात्रभर चालत येतात तो कडा नकाशावर एक पुसट करडा पट्टा. रतनगडापासून सगळी कोकणाकडची भिंत तशीच, पुसट.

यात सॉफ्टवेअरचं काहीच बिघडलेलं नव्हतं. उजेडाची दिशा जिथं तिथं ३१५ असते, वायव्येकडून, वरच्या डाव्या कोपऱ्यातून, जुना प्रघात आहे तो. पण सह्याद्रीची भिंत बघते कुठं, तर पश्चिमेला. म्हणजे दिव्याच्या जवळजवळ समोरच. ६० अंशाचा पश्चिमेकडचा उतार धरा, माझ्या सेटिंगला त्याचा करडा येतो १८८ आणि शेजारच्या पठाराचा २२१. फिकटावर फिकट. सह्याद्रीचा सगळ्यात नाट्यमय भाग आपण स्वतःच्या हातानं दिव्याखाली धुऊन काढतो. आणि गंमत म्हणजे ४५ अंशावर वायव्येचा सूर्य हरिश्चंद्रगडावर वर्षात एकदाही नसतो, तो फक्त सॉफ्टवेअरमध्येच उगवतो.

म्हणलं सोपं आहे, उजेड उलटा करू. लॅपटॉप उघडला, ३१५ चा १३५ केला, आग्नेय. कडा एकदम काळाभोर, भिंत ठसठशीत. मी काकांकडे बघितलं. ते स्क्रीनकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या.

"ही मुळा नदी डोंगराच्या धारेवरून कशी वाहतेय?"

मला आधी कळेना, मग बघता बघता माझाही डोळा फिरला. सगळ्या दऱ्या उचलून आल्या होत्या आणि सगळे डोंगर खड्डे झाले होते. आपल्या डोळ्याला उजेड वरूनच येतो अशी सवय, कागदाच्या खालच्या बाजूनं उजेड टाकला की मेंदू आकारच उलटा करतो. एकदा उलटं दिसलं की परत सुलटं दिसायला वेळ लागतो, काकांना तर शेवटपर्यंत दिसलं नाही, आणि हा माणूस त्या दऱ्यांतून तीस वर्षं चाललाय.

मग मल्टीडायरेक्शनलची टिक लावली, चारही बाजूंनी उजेड म्हणजे प्रश्नच मिटला या आशेनं. थोडं मऊ झालं, कडा तसाच पुसट. नंतर शोधलं तर त्या चार दिशा आहेत २२५, २७०, ३१५ आणि ३६०. नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर. पूर्वेचा एकही दिवा नाही! नाव मल्टी, पण तोंड सगळ्यांचं आमच्या भिंतीकडेच.

उत्तर काकांच्याच बोलण्यातून निघालं. ते म्हणाले, "सकाळी कड्यावर गेलास ना, कडा सावलीत असतो, ऊन पाठीमागून येतं. संध्याकाळी समोरून येतं तेव्हा तो सपाट वाटतो." म्हणजे उजेड पूर्वेकडून हवा, पण कागदाच्या वरच्या अर्ध्यातूनच हवा. ईशान्य. अझिमथ, म्हणजे उजेडाची दिशा, ३० केला. तोच ६० अंशाचा उतार १८८ वरून ५५ वर उतरला, पठार २२१ वरच राहिलं, आणि कळसूबाईच्या पश्चिमेपासून खाली हरिश्चंद्रगडापर्यंत कोकणाची भिंत एका गडद पट्ट्यासारखी उभी राहिली. नदी नदीच्या जागी. डोंगर वर. काकांनी चष्मा खाली घेतला. स्वित्झर्लंडमध्ये एदुआर्द इमहोफ हातानं डोंगर रंगवायचे तेव्हा डोंगराची धार जशी वळेल तसा उजेडही थोडा वळवायचे, आणि आपण मात्र एक मूळ आकडा धरून बसतो.

यावर अजून एक उताराचा लेयर घातला, वीस टक्के, जितका तीव्र उतार तितका गडद, दिशा कुठलीही असो, म्हणजे पूर्वेकडचे कडे उजेडात पुसले जायला नकोत. आणि घाटघरच्या जलाशयावर अजून एक चूक सापडली, निळ्या पाण्यातून ओढ्याची घळ दिसत होती. तो जलाशय २००० नंतरचा आहे, शटलला तिथं कोरडी दरीच दिसली होती, आणि माझं हिलशेड पाण्याच्या वर मल्टिप्लाय होतं. पाण्याचा लेयर वर घेतला, झालं.

रविवारी शेवटची प्रिंट आली. काकांनी परत तोच प्रवास केला बोटानं, यावेळी कड्यावर नुसतं टेकवून पुढं गेले, मग मागे आले.

"नळीची वाट कुठंय?"

आता ती नाहीच येणार. बेलपाड्याहून कड्याच्या बगलेतून वर येणारी ती नळी, ३० मीटरच्या चौकोनात तिची बरीचशी लांबी हरवते, आणि कडा तर आत वळलेला, डीईएममध्ये (उंचीच्या या फाइलमध्ये) एका जागेला एकच उंची असते, पोटात गेलेला खडक त्याला मांडताच येत नाही. कितीही दिवे फिरवले तरी. हे मी काकांना समजावून सांगायला लागलो, पिक्सेल, ग्रिड वगैरे, ते एवढंच म्हणाले, "पेन आण." मग त्या ए-वन प्रिंटवर, जिच्यासाठी मी आठ दिवस घालवले होते, निळ्या बॉलपेननं कड्याच्या बगलेतून एक वाकडी रेघ मारली, दोन ठिकाणी फुल्या केल्या आणि म्हणाले इथं दोर लागतो.